घर उचलायचा शुक्रवार

घर उचलायचं तर आधी केळी उकडायला लागतात, हे लासुप्पा गावात कोणाला शिकवावं लागत नाही. पुरुष दुपारी घर खांद्यावर घेतात आणि मग म्हातारपणापर्यंत त्याच्या गोष्टी सांगतात. बायका पहाटेपासून चुलीपुढे असतात. त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही, पण केळी कच्ची राहिली तर ते मात्र सगळ्यांच्या लक्षात राहतं.

त्या शुक्रवारी अंबोच्या अंगणात दोन चुली पेटल्या होत्या. एक त्याच्या धाकट्या मुलीची, सेन्नांगची, उंच खांबांवरच्या लाकडी घराखाली, जिथे एरवी तिचा माग असायचा. दुसरी तिच्या भावजयीची, जुमारियाची, समोरच्या सिमेंटच्या घरापुढे. दोन्हीकडे चिकट भात वाफवत होता, दोन्हीकडे नारळ खवला जात होता, आणि दोघी एकमेकींकडे न बघता एकमेकींच्या परातीत काय आहे ते बरोबर बघत होत्या.

आपण का रांधतोय हे जुमारियाला स्वतःलाच नीट सांगता आलं नसतं. नणंदेला जमिनीवरून उठवणारा तिचाच नवरा. पण गाव घर उचलायला येणार आणि घामेजलेली माणसं आपल्या दारावरून उपाशी जाणार? मग उद्यापासून विहिरीवर तोंड कुठे दाखवायचं? भांडण भांडणाच्या जागी, भात भाताच्या जागी.

चुलीच्या डोक्यावर, वळचणीला, एक कर्णा टांगलेला होता. त्यातून पाकोळ्यांचा चिवचिवाट चालला होता. खऱ्या पाकोळ्यांचा नाही, ध्वनिमुद्रित. जुमारियाच्या नवऱ्याने, बेद्दूने, मनोरा बांधायला घेतला होता. खिडक्या नसलेला, सिमेंटचा, तीन मजली. हा चिवचिवाट ऐकून पाकोळ्या फसून आत शिरतात, लाळेची घरटी बांधतात, आणि शहरातली श्रीमंत माणसं त्या घरट्यांचं सूप करून पितात, असं बेद्दूला कोणीतरी सांगितलं होतं. मनोऱ्याचे अजून चार खांबच उभे होते. पण यंत्र आधी आलं, म्हणून ते आधी सुरू झालं. रमजानच्या ईदपासून ते दिवसभर चिवचिवत होतं. आजवर एक मांजर तेवढं फसलं होतं.

"वहिनी, केळं द्या एक," मागून ताहांग म्हणाला. अंबोचा मधला मुलगा. तिकडे बोर्नियोच्या लाकडाच्या वखारीत वर्षानुवर्षं काढून परत आलेला, कुठल्याही लाकडाला टिचकी मारून बघायची सवय घेऊन. आताही त्याने चुलीजवळच्या पाटाला टिचकी मारलीच.

"उकडलेली माणसांसाठी आहेत. तळलेलं घ्या."

"माणसं कुठे येतायत एवढी?" ताहांगने केळं उचललं. "वरच्या वाडीतलं कोणी दिसत नाही."

जुमारियाने झारा थांबवला. "का नाही दिसत?"

"मला काय ठाऊक. मी फक्त परवा चहाच्या टपरीवर म्हणालो, की घर उचलायला रविवार चांगला. म्हणालो. रविवारी आहे असं नाही म्हणालो."

"भाऊजी!"

"अहो, खोटं काय बोललो? रविवार चांगलाच असतो."

ताहांगचं गणित सरळ होतं. अंबो गेल्यावर वाटणी झाली, ती रीतीप्रमाणे. शेत तिघांत. घराखालची जमीन थोरल्याला, म्हणजे बेद्दूला. आणि घर, म्हणजे लाकूड, भिंती, छप्पर, शिडी, हे सगळं धाकटीला. म्हाताऱ्याचं शेवटपर्यंत तिने केलं होतं. जमीन एकाची, घर दुसरीचं. आमच्याकडे याचं कोणाला नवल वाटत नाही. घर हलतं, जमीन हलत नाही, मग दोन्ही एकाचं कशाला हवं? पण ताहांगने बालीहून एक गिऱ्हाईक आणलं होतं. जुनी लाकडी घरं सुटी करून नेतात आणि तिकडे समुद्राकाठी पाहुण्यांसाठी परत जोडतात. तो माणूस उद्या ट्रक घेऊन येणार होता. आज घर हललं नाही, तर उद्या सेन्नांगपुढे दुसरा रस्ता उरणार नव्हता. कारण थोरल्याने ईदच्या दिवशी, साऱ्या नातेवाइकांच्या देखत, तिला बजावलं होतं.

झालं असं होतं की सेन्नांग म्हणाली, "दाएंग, तो कर्णा बंद कर. डोकं उठतं." थोरल्या भावाला आमच्याकडे दाएंग म्हणतात, आणि दाएंगला पाहुण्यांसमोर कर्णा बंद कर म्हणायचं नसतं. बेद्दू म्हणाला, "जमीन माझी आहे. आवाज सोसत नसेल तर तुझं घर उचल." सेन्नांगने हातातला पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "उचलते."

बस. एवढंच. त्याला शब्द मागे घेता येईना, तिला आपला. चारचौघांत बोललेला शब्द परत गिळायची आमच्याकडे पद्धत नाही. त्यापेक्षा माणसं गाव सोडून बोर्नियोला जातात. तेव्हापासून दोघं एका अंगणात राहून बोलत नव्हते. तिने कालव्यापलीकडे, आपल्या वाट्याच्या शेताच्या कडेला, खांबांखालचे दगडी तळखडे बसवून घेतले आणि शुक्रवार ठरवला.

"म्हणजे तुम्ही ईदला तिच्या बाजूने होतात ते काय?" जुमारियाने विचारलं.

"अजूनही आहे. तिच्या हातात चार पैसे पडावेत असं मला वाटतं. एकटी बाई, एवढ्या मोठ्या घरात काय करणार? आणि दाएंगच्या बाजूनेही आहे. त्याची जमीन मोकळी होते. मी सगळ्यांच्याच बाजूने आहे."

"आणि तुमचा वाटा?"

ताहांगने केळं तोंडात घातलं. तोंड भरलेलं असताना माणसाला उत्तर देता येत नाही, हे त्याला बोर्नियोला जाण्याआधीपासून ठाऊक होतं.

*

नमाज सुटली आणि माणसं आली. लुंगीसारखे सारोंग वर खोचलेले, डोक्याला फडकी, ओठात लवंगी सिगारेटी. नेहमीच्या निम्मीच.

पलेवाई मामा पुढे झाले. हे इंदोचे, म्हणजे या तिघांच्या आईचे, धाकटे भाऊ, आणि गावातल्या घरांचे सान्रो. माणसाच्या पोटात दुखलं तर वैद्य, घराचं काही बिघडलं तर सान्रो. मामांचा दोन्हीवर उपाय एकच असे, पाणी मंत्रून शिंपडायचं. त्यांनी खांबांना आडवेउभे बांधलेले बांबू तपासले, माणसं डोळ्यांनी मोजली आणि मान हलवली.

"सेन्नांग, एवढ्यांत होणार नाही. रविवारी करू. रविवार चांगला असतो म्हणतात."

"कोण म्हणतं?" सेन्नांगने शिडीवरूनच विचारलं.

"असंच. टपरीवर."

सेन्नांगने ताहांगकडे पाहिलं. ताहांग मनोऱ्याच्या खांबाला टिचकी मारून बघत होता. सिमेंटवर टिचकी मारणारा माणूस काय लपवतोय, हे बहिणीला कळायला वेळ लागत नाही.

"आजच," ती म्हणाली.

"ऐक पोरी," मामांनी आवाज चढवला, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं. "एकदा उठलेलं घर त्याच तळखड्यांवर परत बसवायचं नसतं. आणि जिथे टेकलं, तिथून वर्षभर हलवायचं नसतं. मध्येच शेतात टेकलं तर शेतात राहशील, कालव्यात टेकलं तर कालव्यात. मग म्हणू नकोस मामा बोलले नव्हते."

"कालव्यात राहीन. मासे आयते मिळतील."

माणसं हसली. कोणीतरी ओरडलं, "सेन्नांग, तू खाली ये आधी! तुझं वजन कशाला उचलायचं?"

"मी आत बसूनच इथे आले होते," ती म्हणाली, "आत बसूनच जाणार." आणि शिडी चढून आत गेली. पाठोपाठ शिडी काढून घेण्यात आली, त्यामुळे वादाचा प्रश्नच मिटला.

आत घर रिकामं होतं. ताटं, आरसा, दिवे, सगळं सकाळीच मागाबरोबर शेजारी नेलं होतं. उरला होता तो मधला बेंबीचा खांब, फणसाच्या लाकडाचा, माणसाच्या हातांनी तुकतुकीत झालेला. त्याच्याच वरच्या तुळईला लोखंडी कडी होती. पाळण्याची. सेन्नांग खांबाला टेकून खाली बसली. बांबूच्या पट्ट्यांची जमीन, मध्ये फटी. लहानपणी या फटींतून भाताची शितं खाली टाकायची आणि कोंबड्या ती टिपायला धावायच्या. अंबो आजारी होता तेव्हाही तो फटींतून खाली बघायचा. "कोण आलं गं?" "कोणी नाही अंबो, कोंबडी." "बेद्दू असेल," तो म्हणायचा. "पाय ओळखीचे वाटतात." आणि बहुतेक वेळा बेद्दूच असायचा. वर यायचा, चार गोष्टी बोलायचा, बापाचे पाय चेपून जायचा.

आज फटींतून तिला बरेच पाय दिसले. मध्ये, बेंबीच्या खांबापाशी, जागा रिकामी होती. ती जागा घरातल्या थोरल्याची असते. तिथे दुसरा कोणी उभा राहत नाही. राहिला, तर खांदा मोडतो असं मामा सांगतात. आजवर कोणी खात्री करून बघितलेली नाही.

*

बेद्दू आंब्याखाली उभा होता, हात मागे बांधून. आपण आपल्या जमिनीची देखरेख करतोय, असा त्याचा चेहरा होता. बाजूला जुमारिया किटली घेऊन.

"जात का नाही?" ती हळूच म्हणाली.

"मी कशाला जाऊ? तिचं घर, तिने न्यावं."

"तुमच्या बापाचं घर आहे."

"मग काल का नाही म्हणालीस?"

"काल तुम्ही ऐकलं असतं?"

घराखालून मामांची हाक आली. मग सगळ्यांची एक मोठी आरोळी. बांबू करकरले, खांब तळखड्यांवरून सुटले, आणि अंबोचं घर हातभर वर उठलं. छपरावरचं एक कौल घसरून जुमारियाच्या परातीशेजारी फुटलं. माणसं कण्हत पुढे सरकली. चार पावलं, पाच. मग मध्यभाग खचायला लागला. कडेचे वर, मधले खाली. घर भुकेल्या म्हशीसारखं पोटात झुकलं.

"मध्ये कोणी नाही!" घराखालून कोणी तरी ओरडलं. "मधला खांब धरा!"

"खाली ठेवू?"

"ठेवू नका!" मामा किंचाळले. "इथे ठेवलं तर अर्धं मनोऱ्याच्या पायाच्या खड्ड्यात जाईल!"

ताहांग जागीच उभा होता. त्याचं गिऱ्हाईक अख्खं लाकूड घेणार होतं, मोडकं नाही. आणि लाकूड मोडताना होणारा आवाज त्याने वखारीत कितीदा ऐकला होता, पण तो बापाच्या घरातून ऐकायचा नव्हता. "दाएंग!" तो ओरडला. "दाएंग, जा ना!" आणि स्वतःच सारोंग खोचून कडेच्या बांबूखाली घुसला.

बेद्दूचे हात कधी सुटले हे त्याचं त्यालाच समजलं नाही. तो वाकला, बांबूंच्या जाळीतून आत शिरला, माणसांना कोपरांनी ढकलत मध्ये पोचला, आणि बेंबीच्या खांबाच्या बांबूला खांदा लावला.

खाली अंधार होता आणि घामाचा, लवंगेचा, जुन्या लाकडाचा वास. पुढचं काही दिसत नव्हतं. दिसत होते ते पायच. घर उचलणाऱ्यांना घर कुठे चाललंय हे कधीच दिसत नाही, ज्याच्या हाकेवर विश्वास ठेवायचा त्याची हाक तेवढी ऐकायची. मध्ये थोरला असला, की हाक थोरल्याची.

"उजवीकडे," बेद्दू म्हणाला. घर उजवीकडे वळलं.

डोक्यावर, फटींतून, कोणी तरी नाक ओढलं.

बेद्दूने वर पाहिलं नाही. मान वर करायची सोयच नव्हती. पण ते नाक ओढणं त्याने घर सरोवराकाठून इथे आलं, त्या दिवसापासून ऐकलेलं होतं. पुराला कंटाळून अंबोने घर वर आणायचं ठरवलं तेव्हा इंदो बाळंतीण होती. चाळीस दिवस झालेले नव्हते, खाली उतरवता येत नव्हतं. तिला आणि बाळाला आत ठेवूनच गावाने घर उचललं. बाळाचा पाळणा वरच्या कडीला. आणि अंबोने बेद्दूला आत बसवलं होतं. "पाळण्याची दोरी घट्ट धर. पाळणा खांबावर आपटला तर तुला चांगला बदडीन." बेद्दूने सगळी वाट ती दोरी दोन्ही मुठींत धरली होती. घर होडीसारखं हलत होतं, खालून अंबोची हाक येत होती, आणि बाळ रडायचं थांबून नाक ओढत त्याच्याकडे टकामका बघत होतं.

"दाएंग," वरून आवाज आला. हळू, फटीला तोंड लावून. "जड होतंय?"

ईदनंतरचा पहिला शब्द. बेद्दूने दोन पावलं टाकली.

"घर नाही," तो म्हणाला. "तू."

वरून आला तो हुंदका की हसू, खालून कळायला मार्ग नव्हता.

"मी उतरू?"

"आता कुठून उतरतेस? शिडी काढलीय. बस गप्प. खांब धरून बस."

"धरलाय."

शेजारच्याने कण्हत विचारलं, "बेद्दू, कालवा किती लांब?"

बेद्दूने पायाने जमीन चाचपली. पायांखालची माती बदलली होती. मऊ, पालापाचोळ्याची. आंब्याखालची. म्हणजे मनोऱ्याला वळसा घालून आपण अंगणाच्या दुसऱ्या कडेला आलोय, अजून आपल्याच जमिनीत. पुढे बांध, मग शेत, मग कालवा, मग तिचे तळखडे. मग एक घर कालव्यापलीकडे, एक इकडे. फटींतून पाय ओळखायला कोणी येणार नाही.

शब्द मागे घेता येत नाही, हे खरं. पण कंबर?

"आई गं!" बेद्दू ओरडला. "कंबर! माझी कंबर गेली! ठेवा! ठेवा खाली!"

"इथे?" चारी बाजूंनी आवाज आले.

"इथेच! ठेवा म्हणतो ना! मरतो मी!"

मध्ये थोरला असला, की हाक थोरल्याची. घर आंब्याखाली टेकलं.

*

माणसं बाहेर आली, घाम पुसत. मामांनी घराभोवती एक फेरी मारली. वळताना घर पुरतं फिरलं होतं; समोरची बाजू आता थेट जुमारियाच्या चुलीकडे होती.

"बरोबर," मामा म्हणाले. "दिशा मी अशीच ठरवली होती."

"मामा, तुम्ही तर कालव्याच्या बाजूला होतात!"

"तिथूनच ठरवली. आता वर्षभर हलवायचं नाही. कोणी काही विचारू नका." आणि त्यांनी पाणी शिंपडलं.

ताहांग खांदा चोळत आला. खांदा सोलवटला होता. त्याने टिचकी मारण्यासाठी हात खांबाकडे नेला, पण मारली नाही. नुसता हात ठेवला. "बालीवाल्याला काय सांगू?"

"सांगा, रविवार चांगला असतो," जुमारिया म्हणाली, "कुठला रविवार ते सांगू नका." मग तिने दोन्ही चुलींवरचा भात एकाच मोठ्या परातीत ओतला. दोन परातींतून वेगळं वाढायला आपल्याला चार हात नाहीत, असं ती नंतर म्हणाली.

बेद्दू आंब्याच्या बुंध्याशी कंबर धरून बसला होता. सेन्नांग दारात उभी राहिली. शिडी लावली गेली. पण शिडीचा पाय नेमका खोलगट जागेवर आला होता, त्यामुळे खालची पायरी अधांतरीच राहिली. ती उडी मारून उतरली आणि भावापुढे आली.

"तेल गरम करून आणू? कंबर चोळून देते."

"नको. बसल्यावर बरी वाटते."

"आणि उभं राहिल्यावर?"

"बघू. वर्षभर बघावं लागेल."

जुमारिया किटली घेऊन मध्ये आली. "म्हणजे आता रोज सकाळी दार उघडलं की हिचंच तोंड बघायचं मी." तिने सेन्नांगच्या पेल्यात कॉफी ओतली, साखर जरा जास्तच घातली. "आणि तुमचा सिमेंटचा ट्रक मनोऱ्यापर्यंत कसा येणार? वाटेतच तर घर ठेवलंत."

बेद्दूने घराकडे पाहिलं, मनोऱ्याच्या खांबांकडे पाहिलं. "नाही येणार."

"मग तो कर्णा?"

सेन्नांगने पेल्यात बघितलं. तिचं एकदा म्हणून झालं होतं.

बेद्दू उठला. कंबरेला हात लावायचं विसरला, मग आठवण होऊन लावला. वळचणीखाली गेला आणि तार ओढली. अंगणात एकदम इतकं शांत झालं की खाणाऱ्यांनीही घास थांबवून वर पाहिलं.

संध्याकाळी माणसं पांगल्यावर जुमारिया परात घासत होती, तेव्हा तिला करवतीचा आवाज आला. मनोऱ्याच्या दारासाठी आणलेली फणसाची फळी बेद्दूने बाहेर काढली होती. शिडीला खाली एक पायरी कमी पडत होती, ती तो कापत होता. नवी, जाड, आयुष्यभर पुरेल अशी. पलीकडे ताहांगने फळीचं दुसरं टोक धरलं होतं.

"वर्षभरासाठी ना?" ती म्हणाली. "वर्षभरासाठी फणसाचं लाकूड?"

"अंबोनेही घर इथे एका हंगामापुरतंच ठेवलं होतं," ताहांग म्हणाला.

"फळी सरळ धर," बेद्दू म्हणाला. "कंबर दुखतेय माझी." आणि वाकून पुन्हा करवत चालवायला लागला.